थांबलेल्या वेळेबाबत

मागच्या महिन्यात एका सोमवारी माझ्या भाचीचं हृदय थांबलं, आणि थोड्या वेळानं परत चालू झालं. संपली गोष्ट. आता हे मी सांगितलंच नाही असं समजा. आमच्या घरात तसंच ठरलंय. त्या सोमवारी काही झालेलं नाही. सोमवार आला, कपडे वाळत घातले, सोमवार गेला. आयसीयूबाहेरच्या बाकावर ताईनं, म्हणजे क्रांतीच्या आईनं, माझं मनगट धरून सांगितलं, "आबांना नुसती चक्कर आली म्हणून सांगायचं. त्यांच्या स्वतःच्या काळजात स्प्रिंग बसवलीय. आणि पोरगीला तर कायच बोलायचं न्हाय." मी म्हटलं, बरं. दाजी बिद्रीहून कारखान्यातली पाळी टाकून आले होते, त्यांनीही मान हलवली. तिघांनी मिळून एक अख्खा सोमवार गायब केला. शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत एवढी मोठी वस्तू लपवायला खरं तर जागा नाही. पण लपवली. तेव्हापासून अंधारात पाण्याला उठलं की पाय नेमका तिच्यावरच पडतो.

आज ताईला ताप आला, म्हणून क्रांतीला डायलिसिसला न्यायचं काम माझ्याकडं आलं. क्रांती नऊ वर्षांची आहे आणि दिसते सहाची. मोपेडवर ती माझ्या मागं बसते, दोन बारीक हात माझ्या पोटाभोवती, आणि माझ्या पाठीच्या बरोबर मधोमध तिची छाती. शर्टातून ठोके कळत होते. आत कुणीतरी बोटाच्या पेरानं दार वाजवतंय, पण उघडलंच पाहिजे असा आग्रह नाही, असे ठोके. घरातून निघाल्यापासून मी गाडी चालवत नव्हतोच, मी पाठीनं ऐकत होतो. हात आपोआप वळत होते, समोरून रिक्षा येत होत्या, कुणीतरी "अम्या, आज म्याच कुणाची?" म्हणून ओरडलं, मी हात केला. गंगावेशीच्या अलीकडं एक गतिरोधक आहे. परवापर्यंत नव्हता. आमच्याकडं गतिरोधक कोण घालतं ते कुणालाच माहीत नसतं, सकाळी उठून बघावं तर रस्त्याला टेंगूळ आलेलं असतं. गाडी उडाली, आपटली, आणि माझ्या पाठीवरचा एक ठोका आलाच नाही.

आलाच नाही म्हणजे काय, हे सांगणं अवघड आहे. जिन्यात अंधारात शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं माझं सगळं अंग त्या ठोक्यावर टेकायला गेलं आणि खाली काही नव्हतं. त्या रिकाम्या जागेत मला सगळं दिसलं. रस्त्याकडेला भाजीवाल्या बाईनं मेथीवर पाणी मारलं ते थेंब, एका म्हशीची शेपटी, दुकानाचं अर्धं वर गेलेलं शटर. मग ठोका आला. पाठोपाठ दुसरा आला, जरा घाईत, उशीर झालेल्या कामगारासारखा. मी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली. मागून हॉर्न सुरू झाले.

"का थांबलास रं मामा?"

"पेट्रोल संपलं."

"काटा दिसतोय की मला हितनं. निम्म्यावर हाय."

"काटा बिघडलाय."

"मग तुला कसं कळलं संपलं ते?"

मी गाडी कडेला घेतली. माझा धंदा खरं तर बोलण्याचा. पोटासाठी मी फ्लेक्स करतो, म्हणजे लोकांच्या वाढदिवसाला त्यांच्या पाठीमागं वाघ लावून देतो. आणि फुटबॉलचा हंगाम आला की स्टेडियमवर माइक माझ्या हातात असतो. कुणी कुणाला पास दिला, कोण पडला, कुणी पडल्यासारखं केलं, सगळं मी सांगतो. दोन पेठांत भांडण लागलं की "प्रेक्षकांनी कृपया मैदानात चपला टाकू नयेत, ज्यांनी टाकल्या त्यांनी उरलेली एक घेऊन घरी कसं जाणार याचा विचार करावा" असं गंभीर आवाजात सांगतो. हाफटाइमच्या आणि शेवटच्या शिट्टीआधी जादा वेळ किती तेही मीच सांगतो. खेळाडू जखमी होऊन आडवा झाला, चेंडू नाल्यात गेला, खेळ जेवढा थांबला तेवढा वेळ शेवटी परत मिळतो. या गोष्टीचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय. थांबलेला वेळ कुणीतरी बाजूला उभं राहून मोजत असतं आणि तुम्हाला परत देतं. दुसऱ्या कुठल्या खात्यात असं होतं? त्या सोमवारी क्रांतीच्या खाटेभोवती माणसंच माणसं होती. एकजण तिच्या छातीवर दोन्ही हात ठेवून सगळ्या वजनानं दाबत होता, एवढीशी छाती, मला वाटलं मोडेल. कुणी इंजेक्शन भरत होतं, कुणी मला ढकलून बाहेर काढत होतं. पण किती वेळ थांबलं, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. घाबरलो, दुसरं काय.

ते थांबलं तेव्हा मी तिला एक विनोद सांगत होतो. हे मी ताईलाही बोललो नाही. ऐन सामन्यात मैदानात म्हैस शिरते, असा तो विनोद. क्रांती सुया लावलेला हात सरळ ठेवून हसत होती. म्हैस पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसते, पंच शिट्टी वाजवून वाजवून लाल होतो, तिथपर्यंत आलो होतो. ती हसत होती, आणि हसता हसता हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि ती त्याच्या मागच्या दारानं निघून गेली. आधी मला वाटलं, विनोद फारच चालला. माणसाला असंही वाटू शकतं. मशीन ओरडायला लागलं तेव्हा कळलं. तेव्हापासून मी तिला विनोद सांगत नाही. ती विचारते, "मामा, त्या म्हशीचं फुडं काय झालं?" मी म्हणतो, विसरलो. मला ठाऊक आहे की विनोदानं हृदय थांबत नाही, पोटॅशियमनं थांबतं. डॉक्टर मगदूम मॅडमनी तसं स्पष्ट सांगितलं. रक्तात पोटॅशियम चढलं की हृदय पूर्वसूचना न देता बंद पडतं. "खाण्यापिण्यात कुठून आलं हे? घरी काय चुकलं?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही तिघं टोमॅटो, बटाटा, शेजारच्या लग्नातली शहाळी असं एकेक आठवत राहिलो, आणि त्यातलं तिनं काहीच खाल्लेलं नव्हतं.

क्रांतीची दोन्ही मूत्रपिंडं जन्मापासूनच बोराएवढी. घरात आम्ही सगळे तिच्या लघवीवर लक्ष ठेवून मोठे झालो, असं म्हटलं तरी चालेल. ती बंदच झाली तेव्हा मशीन आलं. डाव्या हातात शीर आणि धमनी एकमेकींना जोडून तिला जाडजूड रक्तवाहिनी करून दिली, त्यातून रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत घालायचं. त्या जागेवर बोट ठेवलं तर आत सतत भुरभुर लागते, मुठीत भुंगा धरल्यासारखी. शाळेत ती पोरांना हात लावायला देते आणि बदल्यात खोडरबर घेते. पाण्याचं माप ठरलेलं. एका दिवसाला एवढासा स्टीलचा पेला, त्यात चहाही आला, वरणाचं पाणीही आलं. मूत्रपिंड नाही म्हटल्यावर प्यालेलं जाणार कुठं? आतच राहतं, रक्तात राहतं, आणि ते सगळं हृदयाला ढकलावं लागतं. हे सगळं मला मॅडमनी नंतर समजावलं. आधी मी, दुनियेसारखाच, मूत्रपिंडाचा आजार म्हणजे कमरेतली भानगड समजत होतो.

पहिल्यांदा तिच्या हृदयाची सोनोग्राफी झाली तेव्हा आबा बरोबर होते. आबा म्हणजे वस्ताद गणपतराव, माझे वडील. आयुष्य तालमीत गेलं, कान दोन्ही भज्यांसारखे. मशीनवरच्या पोरानं सहज सांगितलं, "डाव्या बाजूची भिंत जाड झालीय. जास्त काम पडतंय ना, स्नायू वाढलाय." मी आबांकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जसा आम्हा भावंडांच्या कुठल्याच निकालाला उजळला नव्हता. स्नायू वाढलाय! अख्खी हयात दुसऱ्यांच्या पोरांचे स्नायू वाढवण्यात गेली, आणि घरच्या पोरीनं झोपल्या झोपल्या वाढवला. "काम पडलं की अंग भरतंय," ते रिक्षात मला म्हणाले, "बैठका मारल्यावर मांडी भरती न्हवं का? तसंच हाय ते. भ्यायचं कारण न्हाय." दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले आणि फ्लेक्सची ऑर्डर दिली. 'कु. क्रांती हिच्या हृदयाची भिंत जाड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : वस्ताद गणपतराव व मित्र परिवार.' एका बाजूला क्रांती, दुसऱ्या बाजूला गदा घेतलेले आबा, मागं वाघ. तालमीसमोर दुपारपर्यंत लागला होता. लोक थांबून वाचत होते आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, दोघांनी तर आबांना पेढे मागितले. संध्याकाळी ताईनं तो दातांनी दोरी तोडून काढला.

मॅडमनी सांगितलं ते फक्त मी आणि ताईनं ऐकलं. पैलवान बैठका मारतो आणि मग झोपतो, हिच्या हृदयाला झोप नाही. साठलेलं पाणी आणि वाढलेला रक्तदाब ते रात्रंदिवस ढकलतंय. भिंत जाड होते, मग ताठ होते, मग नीट भरत नाही. रक्तवाहिन्यांत चुना धरायला लागतो, दुसऱ्यांना म्हातारपणी धरतो तो. "अशा मुलांच्या बाबतीत आम्ही किडनीपेक्षा हृदयाला जास्त घाबरतो," मॅडम म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण लावलं. टोपणाचा टक आवाज झाला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आबांना हे सांगायला गेलो तर ते म्हणाले, डॉक्टर लोकांनी तालीम बघितलेली नसते.

त्या दिवसापासून मला हृदयं ऐकू यायला लागली. फ्रिज चालू-बंद होतो ते ऐकू येतं. उशीवर कान ठेवला की स्वतःचंच ऐकू येतं आणि मी कूस बदलतो, कारण ऐकत राहिलो तर ते लाजून थांबेल असं वाटतं. परवा उपांत्य सामन्यात चेंडू बाहेर गेला, सगळं स्टेडियम क्षणभर गप्प झालं, आणि मी माइकवर काहीच बोललो नाही. पंचवीस हजार माणसं माझ्या आवाजाची वाट बघत होती आणि मी घरातल्या एका ठोक्याची. खालून कुणीतरी ओरडलं, "माइक मेला व्हय रं?" तेव्हा भानावर आलो.

"मामा, पेट्रोल आलं का?" क्रांतीनं पाठीवर डोकं आपटलं. मी मागं बघितलं. तिचे डोळे सकाळी सुजलेले असतातच, आज जरा जास्त वाटले. पापण्या भरून आलेल्या, गालही तुकतुकीत. मी म्हटलं, झोपेमुळं असेल. पाणी साठलं की चेहरा असाच दिसतो, हेही मला माहीत होतं, पण झोपेमुळं असेल असं मी परत एकदा म्हटलं. गाडी जिथं थांबली होती तिथून दूध कट्टा हाकेच्या अंतरावर. सकाळी म्हशी तिथं आणून बांधतात, समोर धार काढतात, फेसाळ पेला तिथल्या तिथं तोंडाला लावायचा. कोल्हापुरात माणूस आजारी पडला की दूध, बरा झाला की दूध, जिंकला की दूध, आणि हरला तर कमी प्यायला म्हणून दूध. आबा रोज सकाळी तिथं असतात. आकाराम गवळ्याच्या म्हशींवर पावसापासून आडोसा म्हणून एक फ्लेक्स ताणलेला होता, उलटा. मला खालून वर 'अभिनंदन' दिसलं, आणि क्रांतीचा डोकं खाली केलेला फोटो. आणि त्याच्या खालून आबा आमच्याकडंच येत होते. उजवा हात पाठीमागं.

पैलवान माणसाला काही लपवता येत नाही. एवढ्या मोठ्या देहामागं लपवलेली वस्तूसुद्धा त्याच्या तोंडावर दिसते. शिवाय फेस सांडून धोतरावर ओघळत होता.

"आलं का माझं बाळ," आबा म्हणाले. मग मला बघून दचकले. "अम्या? आज संयोगिता न्हाय?"

"तिला ताप आलाय. आबा, हातात काय हाय?"

"कुठं काय."

"पाठीमागं."

"पाठीमागं पाठ हाय," आबा म्हणाले. विनोद आमच्याकडं घराण्यातूनच आलाय. पण मला हसू आलं नाही. टोमॅटो नाही, बटाटा नाही, शहाळं नाही. दुधात पाणी तर आहेच, वर पोटॅशियम, वर ते चुना धरवणारं फॉस्फरस. मॅडमच्या यादीत दूध पहिल्या ओळीत होतं, आणि आम्ही घरात दुधाचं पातेलं वरच्या फळीवर ठेवून निर्धास्त होतो. दूध कट्ट्यावर मिळतं हे कोल्हापुरात जन्मून आम्ही विसरलो होतो.

"कधीपासनं देताय?"

"आरं रोज सकाळी संयोगिता हितं भाजी घेती, तेवढ्यात घोटभर! धारोष्ण! काळजाचा स्नायू वाढलाय तर त्याला खुराक नको? नुसतं काम करून घ्यायचं आणि उपाशी ठेवायचं, ही कुठली तालीम? चक्कर का आली तिला त्या दिवशी? अशक्तपणा. मी काय डोळं झाकून बसू?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर फक्त एक वाक्य होतं. पण मागं क्रांती होती, समोर आबांची स्प्रिंग होती, आणि ताईनं धरलेलं मनगट अजून दुखत होतं. मी तसाच उभा राहिलो, पुन्हा माइक मेला.

"आबा, चक्कर न्हवती ती," क्रांती मागच्या सीटवरून म्हणाली. "माझं काळीज थांबलंतं. मंगळवारी त्या मावश्या खाट बदलताना बोलत हुत्या, पोरगी परत आली म्हणून. मी डोळं मिटून पडलेली."

म्हैस रवंथ करत होती.

"तुला म्हाईत हुतं?" मी विचारलं.

"व्हय की."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमीच कोण बोलत न्हवता. मला वाटलं, तुमाला भ्या वाटतंय." मग ती आबांकडं वळली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झाला. "आबा, दूध लई आवडतंय मला. पण परत थांबलं तर? तवा कायच न्हवतं आबा. अंधार बी न्हवता."

आबांचा हात पाठीमागून पुढं आला. पेला काठोकाठ होता. या माणसानं आयुष्यात दुधाचा थेंब टाकलेला नाही, पेल्याला चिकटलेली साय बोटानं पुसून घेतात. त्यांना तो पेला कुठं ठेवावा ते कळेना. त्यांनी तो माझ्याकडं धरला, मग स्वतःच्या तोंडापर्यंत नेला, मग खाली आणला. भज्यांसारखे कान लाल झाले होते. "मला कुणी सांगितलं न्हाय रं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मी क्रांतीला विचारलं, "काल प्यालीस?" तिनं बोटानं हवेत अर्ध्या पेल्याची रेघ ओढली. मग विचार करून ती रेघ थोडी वर सरकवली.

पुढचा रस्ता मी कसा काढला ते मला आठवायचं नाही. प्रत्येक खड्डा मी आधी नजरेनं उचलून बाजूला ठेवत होतो. आरशात आबा बराच वेळ दिसत राहिले, उलट्या अभिनंदनाखाली, हातात पेला घेऊन, आधी माणसाएवढे, मग बाहुलीएवढे. मला त्यांच्या स्प्रिंगचीही भीती वाटली, पण भीतीलाही रांग असते, त्यांचा नंबर मागं होता. पाठीवर दार वाजत होतं. मी मनात मोजायला लागलो आणि लगेच सोडून दिलं, कारण मोजलं की पुढचा आकडा रिकामा राहील असं वाटायला लागलं.

मॅडमना मी सगळं सांगितलं, अगदी फ्लेक्ससकट. त्या रागावल्या नाहीत. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी ताबडतोब रक्त तपासायला पाठवलं, छातीवर तारा चिकटवल्या, आणि क्रांतीला काट्यावर उभं केलं. वजन बघून त्यांच्या भुवया एकत्र आल्या. "सगळं पाणी आज काढणार नाही. एकदम ओढलं तर हृदय दमतं. हळूहळू जाऊ. आणि उद्या आबांना घेऊन या, मी त्यांच्याशी बोलते." मशीन सुरू झालं. नळीतून तिचं रक्त बाहेर आलं, फिरून आत गेलं. रिपोर्ट यायचा होता. पडद्यावर हिरवी रेघ टेंगळं घेत पळत होती, आणि मी प्रत्येक टेंगळावर माझ्या अंगाचं सगळं वजन टेकवून पुढच्यावर उडी मारत होतो.

"मामा."

"काय गं?"

"त्या म्हशीचं फुडं काय झालं?"

"विसरलो."

"खोटं. तुला भ्या वाटतंय, मी हसले तर काय हुईल म्हणून." तिनं सुया लावलेला हात सरळ ठेवला, दुसऱ्या हातानं माझी मूठ ओढून माझ्याच तोंडासमोर धरली, माइकसारखी. "सांग. मी हळू हसते."

शेजारच्या खाटेवरची आजी वळून बघायला लागली. रिपोर्ट अजून आला नव्हता. विनोदाचा शेवट मला पाठ होता: म्हैस उठून जाते, आणि तिचा मालक माइकवाल्याकडं येऊन सांगतो की खेळ माझ्या म्हशीमुळं थांबला, तर तेवढा वेळ भरून द्या. यावर सगळे हसतात. मी घसा खाकरला. हिरव्या रेघेवरची नजर काढायची नाही असं ठरवलं, आणि स्टेडियमवरच्या आवाजात, मुठीत, सुरुवात केली.

माननीय पंचांना नम्र विनंती. सदर सामन्यातील खेळाडू कु. क्रांती हिचा खेळ मागील महिन्यात सोमवारी काही काळ थांबला होता. तो किती वेळ थांबला, याची मोजदाद मैदानावर कुणीही ठेवलेली नाही. तसेच सदर खेळाडूचा आठवड्यातून तीन वेळा सुईवर जाणारा वेळ, पाण्याच्या पेल्याकडं बघत बसण्यात गेलेला वेळ, आणि घरच्यांनी काही झालंच नाही असं म्हणण्यात घालवलेला वेळ, हा सर्व थांबलेला वेळ धरण्यात यावा. तो सामन्याच्या शेवटी जादा वेळ म्हणून खेळाडूस परत देण्यात यावा, आणि तो पूर्ण होईपर्यंत कोणत्याही परिस्थितीत शिट्टी वाजवण्यात येऊ नये, ही विनंती.